रंगाच्या आधींचें काम

जुन्या वाड्याच्या परसांत, चिंचेच्या सावलींत किंवा गांवाबाहेरील वखारीच्या आवारांत एखादी म्हातारी मालमोटार वर्षानुवर्षें उभी असल्याचें दृश्य महाराष्ट्रांत नवें नाहीं. कोणाच्या आजोबांनीं तिच्यांतून गुळाच्या ढेपा वाहिल्या, कोणाच्या वडिलांनीं विटा. तिच्या उत्पन्नावर मुलांचीं शिक्षणें झालीं, मुलींचीं लग्नें झालीं, आणि मग एके दिवशीं ती थांबली ती थांबलीच. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज आणि फार्गो या नांवांच्या मालमोटारी निघत असत. १९५४ पासून जमशेदपुरास टाटांच्या कारखान्यानें जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या पिढींतील बहुतेक गाड्या भंगारांत गेल्या. ज्या थोड्या उरल्या त्या बहुधा घराच्या ममतेमुळें उरल्या. अशा घरांतील एखादा नातू शहरांतून सुटीला येतो, गाडीभोंवतीं एक फेरी मारतो आणि म्हणतो, "आजोबा, हिला आपणच रंग देऊं या."

बेत चांगला असतो. चूक होते ती दुसऱ्या दिवशीं, बाजारांत. नातू पहिल्यानें रंगाचा डबा विकत घेतो. निळा कीं तांबडा, चकचकीत कीं मंद, यावर घरांत दोन दिवस खल चालतो. आणि ज्या पत्र्यावर तो रंग बसावयाचा, त्या पत्र्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. मोटारीवरील रंगाचे सगळे थर एकत्र धरले तरी त्यांची जाडी सामान्यतः मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. एवढ्या पातळ पापुद्र्याला स्वतःचें असें बळ तें किती असणार? खालचा थर घट्ट तर तो घट्ट; खालचा सुटला कीं तोही सुटला. अनुभवी रंगाऱ्याचे कामाचे बहुतेक दिवस धुण्यांत, घांसण्यांत आणि अस्तर देण्यांत जातात. त्याच्या मजुरीचा आंकडा ऐकून दचकणाऱ्या गृहस्थाला ते दिवस दिसत नाहींत. दिसतो फक्त शेवटचा हात.

लोखंड गंजतें म्हणजे काय होतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं कीं गंज चढूं लागतो. तिहींपैकीं एकाला दूर ठेवतां आलें तर तो थांबतो. ॲल्युमिनियमवर हवेनें जो ऑक्साइडचा थर चढतो तो दाट असतो व खालच्या धातूला झांकून धरतो. गंजाचा स्वभाव याच्या उलट आहे. तो भुसभुशीत असतो, ज्या लोखंडापासून झाला त्याच्यापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि स्पंजाप्रमाणें ओल धरून ठेवतो. रंगाखालीं त्याचा अंश राहिला तर तो फुगून वरच्या रंगाला फोडाप्रमाणें उचलतो. फोड फुटला कीं आंत पाणी शिरतें, आणि मग चार महिन्यांपूर्वींच्या देखण्या रंगावर तांबूस ओघळ दिसूं लागतात. समुद्राजवळ हें सारें अधिक वेगानें घडतें. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें, आणि खारट ओलींतून गंजण्याची क्रिया झपाट्यानें चालते. म्हणून रत्नागिरीला उभी असलेली गाडी साताऱ्याच्या गाडीच्या आधीं कुजते.

यावरून पहिलें काम घांसण्याचें नसून धुण्याचें आहे, हें ध्यानांत येईल. जुन्या मालमोटारीच्या अंगावर काय काय बसलेलें असतें! डिझेलचा धूर, ग्रीसचे डाग, मेणाचें पॉलिश, चिंचेचा चीक, पक्ष्यांची विष्ठा, आणि किनाऱ्याजवळची गाडी असेल तर मीठ. या सगळ्यावर कांचकागद चालवला तर तो तेलाला काढीत नाहीं; स्वतःच पाडलेल्या ओरखड्यांत तें दाबून बसवतो. मग कितीही पुसलें तरी तें निघत नाहीं, आणि अस्तर त्या जागीं माशाच्या डोळ्यासारखें वर्तुळ करून मागें सरतें. यासाठीं प्रथम साबणाच्या पाण्यानें व नंतर भरपूर गोड्या पाण्यानें गाडी धुवावी. ती पूर्ण वाळल्यावर, रंगाच्या दुकानांत तेलकटपणा काढण्याचें जें द्रव मिळतें त्यानें पुसावी. येथें दोन फडकीं लागतात: एक ओलें, एक कोरडें. ओल्यानें तेल सुटतें. तें वाळण्याच्या आंत कोरड्यानें टिपून घ्यावयाचें. एकाच फडक्यानें पुसणारा तेल काढीत नसतो, पसरवीत असतो. हें काम पेट्रोलनें करण्याची पुष्कळांना संवय आहे. ती आगीला आमंत्रण देणारी आहे. दिवे, रबरी पट्ट्या, आरसे वगैरे जें सुटण्यासारखें असेल तें आधींच काढून त्याचे स्क्रू चिठ्ठी लावलेल्या डब्यांत ठेवावे. हें सांगावयास नको, परंतु विसरलें जातें खरें.

धुतलेल्या गाडीवर कांचकागद टेकवण्यापूर्वीं मात्र थांबावें. या कामांतील खरा धोका येथें आहे, आणि तो गाडीला नसून घरांतल्या माणसांना आहे.

जुन्या मोटारींच्या रंगांत शिसें असे. लोखंडावर देण्याच्या अस्तरांत शेंदूर घालीत. मारुतीला चर्चितात तोच हा शेंदूर. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तें शिशाचें एक ऑक्साइड आहे. मालमोटारींना आवडीनें देत त्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिशाचें क्रोमेट असे. जवसाच्या तेलांत खललेला शेंदूर तेलाशीं संयोग पावून गंजाला अटकाव करणारे पदार्थ निर्माण करतो. त्या गुणासाठीं पुलांना, जहाजांना व यंत्रांना तो पिढ्यान् पिढ्या लावला गेला, आणि तो गुण खोटा नव्हता. परंतु तेंच अस्तर पांचसहा तपांनंतर कोरडें घांसलें कीं त्याची बारीक धूळ होते. ती हवेंत तरंगते, श्वासावाटें आंत जाते, जमिनीवर बसते आणि रांगत्या मुलाच्या हाताला लागते. भारतांत गृहोपयोगी व शोभेच्या रंगांतील शिशाविषयींचे नियम २०१६ सालीं झाले. दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें असलेले असे रंग तयार करण्यास १ नोव्हेंबर २०१७ पासून मनाई आहे. पण हा निर्बंध भिंतीदारांच्या नव्या रंगाचा. परसांतल्या गाडीवर पूर्वींच चढून बसलेल्या रंगाला तो काय करणार?

मुलांच्या बाबतींत शिशाचें अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे. पोटांत गेलेल्या शिशापैकीं प्रौढांपेक्षां कितीतरी मोठा हिस्सा मुलांचें शरीर शोषून घेतें, आणि त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो. या विषबाधेंत बहुधा ताप येत नाहीं, अंगावर पुरळ उठत नाहीं. मुलगा अभ्यासांत मागें पडतो, त्याचें चित्त ठरत नाहीं, तो चिडचिडा होतो. घरचे त्याला आळशी म्हणतात आणि शाळेंत त्याला बांकावर उभें करतात. गर्भवती स्त्रियांनाही हें विष तितकेंच घातक आहे. आणि आपल्याकडे हें काम निघतें कधीं? उन्हाळ्याच्या सुटींत. ज्या परसांत नातू कोरडा कागद घेऊन गाडीवर धुरळा उडवीत असतो, त्याच्याच शेजारच्या गच्चीवर कुरडया, पापड आणि सांडगे वाळत घातलेले असतात. वर्षभराच्या बेगमीवर ती धूळ कोणाच्याही नकळत बसते.

धुळीचा हा प्रश्न मोटारींच्या कारखान्यांतही एके काळीं मोठा होता. १९२० सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरच्या फ्रान्सिस ओकी नांवाच्या एका शाईच्या कारखानदारानें मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीला पत्र लिहून घांसण्याच्या खनिज चूर्णाचे नमुने मागवले. शाईवाल्याला कुरुंदाच्या पुडीचें काय काम, असें कुतूहल कंपनीला वाटलें, तेव्हां चौकशीअंतीं कळलें कीं त्यानें पाण्यांत भिजला तरी न विरघळणारा घांसकागद तयार केला आहे. कंपनीनें त्याचे हक्क घेतले आणि १९२१ मध्यें तो कागद बाजारांत आला. ओल्या कागदानें घांसलें कीं धूळ हवेंत उडत नाहीं. पाण्यांत मिसळून तिचा चिखल होतो व खालीं ओघळतो. मोटारी रंगवणाऱ्या कामगारांची फुप्फुसें त्यामुळें कितीतरी वांचलीं, आणि पृष्ठभागही अधिक गुळगुळीत होऊं लागला. आज हार्डवेअरच्या दुकानांत 'वॉटर पेपर' म्हणून मिळणारा काळसर कागद त्याच जातीचा होय. त्याच्यावरील कण सिलिकॉन कार्बाइडचे असतात. हा पदार्थ १८९१ सालीं एडवर्ड ॲचेसन याला दुसऱ्याच एका प्रयोगांत हातीं लागला. त्यानें त्याला जें 'कार्बोरंडम' नांव दिलें त्याचा उत्तरार्ध आपल्या कुरुंदाचाच आहे, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते.

तेव्हां जुना रंग घांसावयाचा तो ओला घांसावयाचा, हा नियम घरच्या कामांत मोडूं नये. विजेवर फिरणारें घांसण्याचें यंत्र जुन्या रंगावर चालवूं नये. तें सर्वांत जास्त धूळ उडवतें, आणि पाण्याजवळ विजेचें यंत्र वापरणें हा दुसरा अपघात. ज्योतीनें रंग जाळून काढण्याची पद्धत त्याहून वाईट, कारण तापलेल्या शिशाची वाफ होते. गाडीखालीं जाड प्लॅस्टिक अंथरून ओघळणारा चिखल त्यावर धरावा. तो मोरींत किंवा आळ्यांत ओतूं नये, तर वाळूं देऊन, पिशवींत बांधून नगरपालिकेकडे घातक कचरा म्हणून द्यावा. नाकाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाहीं. बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊं नयेत, हात धुतल्यावांचून चहालाही हात लावूं नये, आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकूं देऊं नये. वाळवणें असतील तर त्या दिवशीं काम बंद.

धूळ कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय मात्र वेगळाच आहे: विनाकारण घांसूं नये. उत्साही मंडळींना वाटतें कीं सगळी गाडी खरवडून पांढरी केल्याखेरीज काम पक्कें होत नाहीं. हा समज चुकीचा आहे. पत्र्याला घट्ट धरून राहिलेला जुना रंग हा नव्या रंगाला उत्तम आधार होय; त्याच्या खालीं तितकीं वर्षें पत्रा सुरक्षित राहिला, याहून दुसरा पुरावा कशाला हवा? तो घट्ट आहे कीं नाहीं, हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. धारदार पात्यानें रंगावर बारीक उभ्या-आडव्या रेघा ओढून चौकटी पाडाव्या, त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यानें ओढावी. चौकटी जागेवर राहिल्या तर रंग राहूं द्यावा. पट्टीबरोबर निघून आल्या तर त्या भागाचा मोह सोडावा. दुसरी परीक्षा थिनरची. थिनरनें भिजवलेलें फडकें घांसतांच जुना रंग विरघळून फडक्याला लागला, तर त्यावर तीव्र द्रावकाचा नवा थर देणें धोक्याचें. खालचा रंग सुरकुतून वर येईल.

घांसण्याचें तंत्र आतां पाहूं. कागदाच्या पाठीवर जो आंकडा छापलेला असतो तो जितका मोठा तितके कण बारीक. गंज आणि सुटलेल्या रंगाच्या कडा यांना ८० नंबरचा कागद, तेथील खोल ओरखडे मोडण्यास १२० व १८०, आणि अस्तरापूर्वीं सर्वत्र फिरवावयास २४० किंवा त्याच्या आसपासचा, असा क्रम ठेवतात. यांतील एक पायरी गाळली तर पहिल्या कागदाचे ओरखडे पुढच्याला मोडत नाहींत, आणि रंग वाळल्यावर उन्हांत ते सगळे मोजून घेतां येतात. उलट पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत केला तर अस्तराला धरावयास कांहीं राहत नाहीं. भिंतीच्या गिलाव्यापूर्वीं गवंडी टांचे मारतो, त्याचेंच हें सूक्ष्म रूप. सपाट भागावर कागद लांकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून चालवावा. नुसत्या बोटांनीं घांसलें तर बोटांच्या जागीं चर पडतात. जेथें जुना रंग संपून पत्रा सुरू होतो, तेथील पायरी इतकी उतरती करावी कीं डोळे मिटून तळवा फिरवला असतां ती लागूं नये. डोळ्यांना न दिसणारी उंचसखल जागा तळव्याला कळते. जुने रंगारी याच कारणानें काम पाहतांना दुसरीकडे बघत असतात.

उघड्या पत्र्याच्या बाबतींत मात्र पाण्याशीं फार सलगी नको. घांसून चकाकलेला पत्रा ओला राहिला तर पाहतां पाहतां त्याच्यावर तांबूस छटा चढते. म्हणून तेथें घांसकाम संपतांच कोरड्या फडक्यानें पुसून, वाऱ्यानें पूर्ण वाळवून, त्याच दिवशीं अस्तर द्यावें. जेवढा भाग दिवसांत अस्तराखालीं जाऊं शकेल तेवढाच उघडा करावा. आज दरवाजा, उद्यां बॉनेट, परवां मडगार्ड, अशा वाटणीनें काम केलें तर तें घरच्या माणसांना झेपतें आणि पत्राही रात्रभर उघडा राहत नाहीं.

खोल खड्ड्यांत रुतलेला गंज कागदानें व तारेच्या ब्रशानेंही पुरता निघत नाहीं. त्यासाठीं फॉस्फोरिक आम्ल असलेलीं द्रवें मिळतात. तीं गंजाचें रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटमध्यें करतात. फॉस्फेटाचा हा गुण आपल्या देशाला परका नाहीं. दिल्लीजवळ मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्याच्यावर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार झाला, असें धातुशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें आहे. दुसऱ्या प्रकारच्या द्रवांत टॅनिक आम्ल असतें, तें गंजाला निळसर काळा व स्थिर करतें. हिरड्याच्या काढ्यांत लोखंडाचा खिळा पडला कीं काढा काळा होतो, तीच ही क्रिया. हातमोजे व चष्मा घालून हीं द्रवें लावावीं आणि डब्यावर सांगितलें असेल त्याप्रमाणें धुऊन वा पुसून काढावीं. आम्लाचा अंश मागें राहिला तर वरचें अस्तर नीट धरत नाहीं. मात्र ज्या ठिकाणीं लहान हातोडीनें ठोकलें असतां पत्रा खणखणत नाहीं, भद्द वाजतो किंवा सरळ भोंक पडतें, तेथें औषध नाहीं. तो तुकडा कापून नवा जोडून घ्यावा लागतो, आणि तें काम वेल्डिंगवाल्याचें. भोंकावर लांबी थापून रंग दिलेल्या गाड्या विक्रीला पुष्कळ येतात. घरच्या गाडीला तरी अशी फसवणूक कशाला?

लांबी, म्हणजे हल्लींच्या भाषेंत पुट्टी, ही पोचे व खड्डे भरण्यापुरती आहे. ती पातळ थरांत, दर थर वाळल्यावर द्यावी; तीन मिलिमीटरांहून अधिक जाडी लागत असेल तर आधीं पत्रा ठोकून वर आणणें बरें. दोन घटक मिसळून बनणारी पॉलिस्टर लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घांसावी लागते. येथें शिसें नसतें, पण धूळ असतेच. मुखवटा काढावयाचा नाहीं.

एवढें झाल्यावर अस्तराचा दिवस येतो. बाजारांत अस्तराचे अनेक डबे दिसतात, आणि त्यांतील तांबड्या डब्याविषयीं मोठा घोटाळा आहे. 'रेड ऑक्साइड' नांवाचें जें स्वस्त अस्तर सर्वत्र मिळतें त्याला पुष्कळ लोक जुन्या शेंदरी अस्तराचें भावंड समजतात. वस्तुतः दोहोंत रंगाखेरीज साम्य नाहीं. शेंदूर शिशाचा, रेड ऑक्साइड लोखंडाचें, म्हणजे आपल्या गेरूचें. जरा गंमतीनें बोलावयाचें तर हें गंजाच्याच कुळांतलें द्रव्य गंज रोखण्यास उभें केलेलें असतें. शेंदूर गंजाला रासायनिक रीतीनें अडवी. गेरू नुसता आडोसा करून उभा राहतो. तो विषारी नाहीं हा त्याचा गुण, आणि लोखंडी फाटकाला तो पुरतो. मालमोटारीच्या पत्र्याला मात्र झिंक फॉस्फेट असलेलें अस्तर अधिक चांगलें, कारण त्यांत गंज रोखण्याची क्रिया असून शिशाचें भय नाहीं. त्याहून घट्ट तें दोन घटकांचें एपॉक्सी अस्तर. तें पाणी फारसें आंत येऊं देत नाहीं. त्याचें मिश्रण मापानें करावें लागतें, आणि तें ठराविक वेळांत संपवावें लागतें. फवाऱ्यानें मारण्याचीं कांहीं अस्तरें व रंग असे असतात कीं ज्यांच्या घट्ट करणाऱ्या द्रवांत आयसोसायनेट नांवाचें रसायन असतें. त्याची बारीक तुषारें श्वासांत गेल्यानें कायमचा दमा जडूं शकतो, आणि साधा मुखवटा तीं अडवीत नाहीं. घरच्या परसांत त्यांच्या वाटेला जाऊं नये. चांगल्या ब्रशानें वा लहान रुळानें दिलेलें अस्तर नंतर घांसून गुळगुळीत करतां येतें. आणि मालमोटार ही कांहीं राजेसाहेबांची बग्गी नव्हे.

हवा कशी आहे, हें अस्तराच्या दिवशीं सर्वांत महत्त्वाचें. पावसाळ्यांत हें काम काढूंच नये. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे कोरडे दिवस उत्तम. वाळवणांचा हंगामही तोंवर सुरू झालेला नसतो. तरी थंडींतील सकाळ फसवी असते. रात्रीं उघड्यावरचा पत्रा हवेपेक्षांही थंड होतो व त्यावर दव धरतें; सूर्य वर आल्यावर पत्रा कोरडा दिसला तरी सांध्यांत ओल असते. ज्या तापमानास दव धरतें त्याहून पत्रा निदान ३ अंश सेल्सिअसनें ऊन असावा, असा या धंद्यांतील दंडक आहे. व्यवहारांत त्याचा अर्थ असा कीं ऊन चांगलें वर आल्यावर काम सुरू करावें आणि तिसऱ्या प्रहरीं, गारवा उतरण्यापूर्वीं, थांबावें. भर उन्हांत तापलेल्या पत्र्यावरही अस्तर देऊं नये. वरची कातडी आधीं सुकते आणि आंतील द्रावक अडकून बसतें. छपराची सावली व वाहती हवा ही खरी जागा. एका जाड थरापेक्षां दोन पातळ थर नेहमींच बरे, आणि पत्र्याच्या कडांना, सांध्यांना व स्क्रूंच्या भोंवतालीं एक हात जास्त. गंज शिरतो तो सपाटीवरून नव्हे, कडेनें. दरवाजांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक छिद्रें असतात. तीं अस्तरानें बुजलीं तर पावसाचें पाणी आंत सांठून दरवाजा खालून कुजतो. अस्तर ओलें असतांनाच तींतून काडी फिरवावी.

येथवर आलेलीं कित्येक कामें येथेंच फसतात. सुटी संपते, नातू परत जातो, करड्या किंवा तांबड्या अस्तरांत गाडी उभी राहते आणि "आतां पत्रा झांकला गेला, रंग दिवाळींत देऊं" असें घरचे म्हणतात. पण बहुतेक साधीं अस्तरें सच्छिद्र असतात. वरच्या रंगानें धरावें आणि घांसतां यावें म्हणूनच तीं तशीं केलेलीं असतात. पावसाचें पाणी तीं हळूहळू आंत पाझरूं देतात, आणि दिवाळींत रंगाचा डबा उघडेपर्यंत त्यांच्याखालीं नव्या गंजाची जाळी पसरलेली असते. मग सगळें पुन्हां पहिल्यापासून. म्हणून ज्या सुटींत रंगापर्यंत पोंचतां येणार नाहीं, त्या सुटींत पत्रा उघडा करूंच नये. थांबणें अटळच असेल तर एपॉक्सी अस्तर देऊन गाडी छपराखालीं ठेवावी. नुसती ताडपत्री गुंडाळली तर तिच्याखालीं घाम धरतो.

अस्तर पूर्ण वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाची अगदीं विरळ फवारणी करावी व ३२० किंवा ४०० नंबरचा ओला कागद ठोकळ्यावरून फिरवावा. जेथें काळे ठिपके राहतील तेथें खळगा आहे. जेथें पत्रा चमकूं लागेल तेथें उंचवटा. खळग्याला थोडी लांबी, चमकलेल्या पत्र्याला पुन्हां अस्तर. हा फेरा दोनदां तीनदां करावा लागला तर वाईट वाटून घेऊं नये. मग गाडी धुऊन वाळवावी, दोन फडक्यांनीं पुसावी, आणि नातवाला दुकानांत पाठवावें. पूर्वीं घेतलेला डबा परत करून डब्यावर लिहिलें आहे त्याप्रमाणें अस्तराशीं जुळणारा रंग आणावा. गाडीच्या नोंदणीपत्रांत तिचा रंग लिहिलेला असतो. ती रस्त्यावर चालवावयाची असेल तर रंग बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. युद्धांतील मोटारींच्या आठवणीनें कोणाला लष्करी ऑलिव्ह हिरवा द्यावासा वाटला तर तेवढा मात्र देऊं नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीं राखलेला आहे.